गाडीत जागा दोघांचीच

२ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं म्हणजे ठरलं. एप्रिलात समुद्राच्या कडेकडेने जायचं. किनारा वर जिथे सुरू होतो तिथून खाली जिथे संपतो तिथपर्यंत. हॉटेल नाही, लॉज नाही, कुणा ओळखीच्यांकडे मुक्काम नाही. स्वतःचा कॅम्पर. म्हणजे अशी गाडी की जिच्यात झोपता येतं, चहा करता येतो आणि दार आतून लावता येतं. यातली शेवटची सोय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कल्पना संपूर्ण माझी. ही परवा खिडकीत कपडे वाळत घालताना म्हणाली होती की समुद्र बघून किती वर्षं झाली, मुलगी चौथीत होती तेव्हा गेलो होतो. पण ते ती स्वतःशीच म्हणाली, त्यामुळे धरायचं कारण नाही. आणि अचानक समुद्र कुठून आला हिच्या डोक्यात? कुणी घातला? बघायला हवं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प. रूट कुणालाही सांगायचा नाही. घरातसुद्धा नाही. साडूला तर मुळीच नाही.

साडूचं औषधांचं दुकान आहे आणि तो कायम हसतमुख असतो. असा माणूस काहीतरी लपवत असतो. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म घालवल्यावर एवढं कळतंच. दुकानदार दारातच हसला की मी आधी त्याचा काटा उलटा करून बघतो. मागे एकदा जेवताना मी सहज बोलून गेलो होतो की छतावर सोलर हीटर बसवावा. महिन्याभरात साडूच्या छतावर बसला. माझ्या छतावर अजून नुसती टाकी आहे. तो म्हणतो, ऑर्डर आधीच दिली होती. पावती दाखवायलाही आला होता. न मागता पावती दाखवणारा माणूस!

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी बघितली. पूर्वी एका बेकरीची डिलिव्हरी व्हॅन होती. आत अजून पावाचा वास येतो. विकणारा आधी दातांचा डॉक्टर होता, कंटाळून जुन्या व्हॅनचे कॅम्पर करायला लागला. मी त्याला मनातल्या मनात दंतवैद्य म्हणतो. पुढे दोन सीट, त्यांच्यामागे एक सीट आणि तिच्यावर घडीची बर्थ, शेवटी दोघांचा बिछाना. शेगडी, बेसिन, पडदे.

दंतवैद्याने स्वतःहून सांगितलं की मागचं दार जरा अडकतं आणि डाव्या खिडकीतून पावसात पाणी झिरपतं. पाल चुकचुकली. जो दोन दोष आपणहून सांगतो त्याने तिसरा दाबून ठेवलेला असतो. गाडीखाली आडवा होऊन शोधला. शर्ट खराब झाला. सापडला नाही, म्हणजे चांगलाच लपवलाय.

घेतली गाडी. लक्ष ठेवून आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिला सांगितलं की गाडी घेतली आहे, कुठे जायचं ते योग्य वेळी कळेल. ती म्हणाली, खाली उभी आहे ती? मला वाटलं बेकरीवाला चुकून आपल्याकडे लावून गेला. मग विचारलं, चालवणार कोण. मी म्हणालो, मीच. त्यावर ती काही बोलली नाही. हिचं न बोलणं मला आवडत नाही. त्यात बरंच काही असतं.

माझ्याकडे लायसन्स आहे. रोज स्कूटरवर फिरतो म्हणून माणूस गाडी विसरत नाही. मुलगीही चालवते, पण तिची गोष्ट वेगळी. ती ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, रक्तदानाची मोठी व्हॅन घेऊन गावोगाव जाते. ती झाली ड्यूटी. हा प्रवास आहे. याला दूरदृष्टी लागते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रूट तयार! किती सुंदर झालाय हे कुणाला दाखवता येत नाही याचं जरा वाईट वाटतं.

नकाशा पितळी वजनांच्या पेटीत ठेवलाय. सरकारी प्रमाणित वजनं, तिला घरात कुणी हात लावत नाही. शिवाय मुक्कामांना सांकेतिक अक्षरं दिली आहेत. क, ख, ग, घ. पेटी फोडली तरी चोराच्या हाती बाराखडीच लागेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी

जेवायला अचानक घरी आलो. मुद्दामच. ही फोनवर बहिणीशी बोलत होती. मला बघून म्हणाली, बरं, ठेवते. अगदी नॉर्मल आवाजात. नॉर्मल आवाज काढायला माणसाला मेहनत का करावी लागते?

विचारलं, काय चाललंय. म्हणाली, काही नाही, सहज. "सहज" हा शब्द आमच्या खात्यात फक्त भेसळवाले वापरतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

माझा अंदाज खरा ठरला. साडू आला. हातात किनाऱ्याच्या रस्त्यांचं मोठं नकाशांचं पुस्तक. म्हणाला, भाऊसाहेब, ऐकलं तुम्ही गाडी घेतलीत, हे राहू द्या तुमच्याकडे, कुठे रस्ता अरुंद आहे, कुठे पाणी भरायला मिळतं, सगळं आहे यात. मी विचारलं, किनारा कुठून काढलास? तो म्हणाला, म्हणजे? मी म्हणालो, आम्ही किनाऱ्याला जातोय असं तुला कुणी सांगितलं? तो गडबडला. हिच्याकडे बघितलं त्याने. मी बघितलं त्याने बघितलेलं.

मग मी डाव टाकला. म्हणालो, छे, किनारा नाहीच. आम्ही पठारावरून जाणार. तो आतला जुना रस्ता, बंद पडलेली सिमेंटची फॅक्टरी लागते, पुढे आटलेलं तळं. त्या रस्त्याने मी नोकरीच्या सुरुवातीला एकदा गेलोय. इतका भकास प्रदेश मी जन्मात पाहिला नाही. पण वर्णन असं केलं की माझ्याच अंगावर काटा आला. ती शांतता, ते आभाळ, ती माती! साडू तोंड उघडं टाकून ऐकत होता.

अडकला. आता त्याला वाटेल आपण त्या रस्त्याने जाणार. यायचं तर तिकडे ये म्हणावं.

पुस्तक ठेवून घेतलं. पानं तपासली, मध्ये काही नाही.

१ मार्च, रविवार

ट्रायल ड्राइव्ह. एकंदरीत यशस्वी.

आमच्या इमारतीच्या फाटकाचा डावा खांब जागेवर नाही. माझा पक्का समज आहे की तो अलीकडे सरकवलाय. गाडी बाहेर काढताना खांब लागला. डावा आरसा गेला. वॉचमन म्हणाला, खांब इमारत बांधली तेव्हापासून तिथेच आहे. हा वॉचमन साडूच्या दुकानातून औषधं आणतो, हे लिहून ठेवतो.

मुलगी खाली आली, गाडीत बसली, एका झटक्यात रिव्हर्स घेऊन जागेवर लावली. मी खालून हात दाखवत होतो म्हणून जमलं.

६ मार्च, शुक्रवार

सगळा कट उघडा पडला. हिचा आणि मेव्हणीचा फोन, मी बाथरूममध्ये नळ बंद करून उभा. हिचे शब्द असे: "तिघं अगदी आरामात मावतील. वरच्या बर्थवर एक, खाली दोघं. मी बघितलंय आत जाऊन. त्यांना आत्ता नको सांगू, एकदम तिकडे गेल्यावरच सांगायचं."

तिघं. ही, मेव्हणी आणि साडू. हिशेब जुळतो. म्हणजे माझ्या गाडीत मीच नाही! किंवा मी ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरला कोण मोजतं? आणि सांगायचं कधी, तर तिकडे गेल्यावर. किनाऱ्यावर पोचलो की हे दोघं वाळूत हसत उभे असणार.

रागावलो नाही. नळ सोडला. शांतपणे दाढी केली. जरा कापलं.

७ मार्च, शनिवार

उपाय सापडला आणि तो इतका साधा आहे की मी बराच वेळ गाडीत एकटा बसून हसत होतो. जागाच नसेल तर येणार कोण? तिसरी सीट काढून टाकायची. बर्थ काढून टाकायची. तिथे कपाट. गाडीत जागा दोघांचीच.

१० मार्च, मंगळवार

दंतवैद्याकडे गेलो. म्हणाला, चांगली सीट आहे हो, कशाला उपटता. मग म्हणाला, घरी विचारलंत का. मग पुन्हा एकदा विचारलं. एखादा माणूस तुमच्याच गाडीतली तुमचीच सीट ठेवा म्हणून इतका मागे लागतो, तेव्हा त्याचा हात कुठवर पोचलाय बघायला हवं. मेव्हणीचे दात हाच करायचा का पूर्वी?

मी ठाम राहिलो. वर सांगितलं की परिवहन कार्यालयात नोंदसुद्धा बदलायची. दोन आसनी. नियम म्हणजे नियम, मी स्वतः सरकारी माणूस आहे. तो म्हणाला, एकदा नोंद झाली की पुन्हा फिरवायला फार खेटे घालावे लागतील. मी म्हणालो, उत्तम.

१७ मार्च, मंगळवार

घरात आणखी एक गडबड. मुलगी. जन्माचा दाखला शोधत होती. फोटो काढून आली, कान दिसतील असे. एक दिवस कसलीशी मेडिकल टेस्ट. विचारलं तर म्हणाली, ऑफिसचं आहे, बाबा. आणि आज संध्याकाळी माझ्याकडे टांगायचा काटा मागितला, बॅगेचं वजन करायचंय म्हणून. बॅग बघितली. ही एवढी! तिच्यात मुलगी स्वतः मावेल.

म्हणजे हीसुद्धा येणार! आईने हिलाही फोडलं. मी म्हणालो, एवढी बॅग माझ्या गाडीत चढणार नाही. ती म्हणाली, नाही बाबा, तुमच्या गाडीत नाही न्यायची. आवाज जरा बसलेला वाटला. सर्दी असावी.

काटा दिला. वापरून झाल्यावर तपासला, बरोबर होता.

२४ मार्च, मंगळवार

ऑफिसात मॅडमनी रजा मंजूर केली. सगळीच्या सगळी. लगेच. एक प्रश्नही न विचारता. म्हणाल्या, जा, अगदी निवांत जा, मध्ये फोनसुद्धा करू नका. माझ्या टेबलावर त्यांना कुणाला बसवायचंय?

२७ मार्च, शुक्रवार

गाडी आली. कपाट झकास झालंय. कागदावर शिक्का: आसनक्षमता दोन.

जेवताना घोषणा केली. म्हणालो, अकरा तारखेला निघतोय. किनाऱ्याने. आणि कुणाच्या मनात काही बेत असतील तर ते मनातच राहू द्यावेत, कारण गाडीत सीटच दोन आहेत, बर्थ काढून टाकली, कागदोपत्री. विजयाचा क्षण होता. मी हिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, त्यामुळे मुलीचा चेहरा बघायचा राहिला. ती उठली, ताट धुवायला ठेवलं, खोलीत गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला कळलं असतं काय चाललंय.

ही म्हणाली, काय केलंत हे.

२८ मार्च, शनिवार

हिने सगळं सांगितलं. इथे थोडक्यात लिहितो.

मुलीला परदेशात नोकरी लागली आहे. मोठं हॉस्पिटल, तिथली रक्तपेढी. करार तीन वर्षांचा. मे महिन्यात जाणार. मला कुणी सांगितलं नव्हतं. ते "तिघं" म्हणजे ही, मुलगी आणि मी. समुद्रावर गेल्यावर, सगळे जरा मोकळे झालो की मुलगी स्वतः मला सांगणार होती. मेव्हणी आणि साडू यांचा त्यात एवढाच हात की त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, मलाच कसं सांगितलं नाही? बापाला? ही म्हणाली, पहिली नोकरी लागली तेव्हा काय केलंत तुम्ही? मी म्हणालो, काय केलं? ही म्हणाली, दुसऱ्याच दिवशी ब्लड बँकेत जाऊन रक्ताच्या पिशव्या मोजायचा काटा तपासलात. नोटीस काढलीत. पोरगी महिनाभर तिथे मान खाली घालून वावरत होती. आता तिकडच्या हॉस्पिटलला पत्र धाडलं असतंत.

त्या काट्यात खरंच फरक होता. पण हे मी बोललो नाही.

पत्र धाडायचा विचार माझ्या मनात त्या क्षणापर्यंत आला नव्हता. मग आला.

३० मार्च, सोमवार

सकाळीच दंतवैद्याकडे. सीट परत बसवा म्हणालो. सीट दुसऱ्या गाडीत गेली होती. दुसरी आणेन म्हणाला, बसवेनही, पण नोंद? परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला, मला बघितलं. म्हणाल्या, आत्ताच तर तुम्ही हट्टाने दोनची करून घेतलीत. पुन्हा तीनची करायची तर पाहणी होईल, पाहणीची तारीख जूनमधली. मी म्हणालो, मी सरकारी नोकर आहे. त्या म्हणाल्या, मीपण.

तिसऱ्याने मागे बिछान्यावर पडून जावं, असंही मनात आलं. पण बेकायदा आहे. मला जमणार नाही. पकडलं जाण्याची भीती नाही, तसं जमतच नाही.

आता एकच मार्ग. साडूकडे मोठी गाडी आहे.

१ एप्रिल, बुधवार

साडूच्या दुकानात गेलो. काउंटरपाशी गर्दी होती, खोकल्याचं औषध घ्यायला आल्यासारखा उभा राहिलो. गर्दी गेल्यावर म्हणालो, अकरा तारखेपासून तुझी गाडी... पुढचं बोलू दिलं नाही त्याने. म्हणाला, भाऊसाहेब, तुम्हाला सांगायलाच येणार होतो! आम्हीपण त्याच दिवशी निघतोय. पठारावर! तुम्ही इतकं मनापासून सांगितलंत ना त्या दिवशी, मी रात्री घरी जाऊन हिला सांगितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन मुक्काम ठरवून टाकले. तुमचं आता किनाऱ्याचं ठरलं म्हणे, पण आमच्या डोक्यातून ते तळं जातच नाही.

ते तळं! त्या तळ्यात चिखलसुद्धा नाही.

तेवढ्यात मेव्हणी आतून आली. डोक्यावर रुंद काठाची नवी टोपी. विचारलं, कशी दिसते. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तुमच्यामुळे हे कुठेतरी निघतायत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साडूने माझ्या चेहऱ्यावरून काय ओळखलं कोण जाणे. बाजूला घेऊन म्हणाला, काही अडचण आहे का? असेल तर एक फोन करतो, रद्द करतो, तुम्हाला तिघांना घेऊन जातो. इतक्या पटकन रद्द करायला तयार झाला, म्हणजे तिथे काही नाही हे त्याला कळलंय की काय? बराच विचार केला. तसं वाटलं नाही. तसाच हसत होता, नेहमीसारखा.

म्हणालो, अडचण कसली. खोकल्याचं औषध दे.

२ एप्रिल, गुरुवार

ही म्हणाली, तुम्ही दोघं जा. बापलेक. तिला तुमच्याशी बोलायचंच होतं, बोला. मी घरी राहते, मला काही नाही त्याचं. आणि ओट्यावरचं पुसलेलं पुन्हा पुसायला लागली.

म्हटलं, बघू. पण मनातून आनंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलगी चालवेल, मी शेजारी. क पासून सुरुवात. तिला सगळं समजावून सांगता येईल. परदेशातल्या लोकांपासून कसं सावध राहायचं, करार कसा वाचायचा, बारीक अक्षरं आधी. भरपूर वेळ मिळेल.

५ एप्रिल, रविवार

सकाळी मुलीबरोबर सराव म्हणून गाडी काढली. घाऊक बाजाराच्या मागचा गोदामांचा रस्ता, सुट्टीमुळे मोकळा. ती छान चालवते. छान म्हणजे, ठीक. मी फक्त गरजेपुरतं बोलत होतो. ब्रेक. आरसा बघ. तो पुढचा टेंपो न विचारता वळणार, त्याच्या मागच्या चाकाकडे बघ. टेंपो वळला नाही, पण वळू शकला असता.

मग हॉस्पिटलचा विषय काढला. मालक कोण? परक्या देशातून माणसं का बोलावतात, त्यांच्याकडची का सोडून जातात? तिकीट ते देणार, का देणार? तीनच वर्षं का? राहायला खोली देतायत, तर खोलीची किल्ली आणखी कुणाकडे असते? ती आधी उत्तरं देत होती. नंतर नुसतं हं म्हणत होती.

एका गोदामाच्या भिंतीशी तिने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मला वाटलं टायर बघायचाय. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोर बघत बोलली. जसं आठवतं तसं लिहितो.

म्हणाली, बाबा, मी अभ्यास केला, परीक्षा दिली, मुलाखती दिल्या, आणि सगळा वेळ आतून घाबरलेली होते. हे लोक फसवणार नाहीत ना, मला जमेल ना. आत्ता कुठे जावंसं वाटायला लागलंय. तुमच्याशेजारी इतके दिवस बसले तर मी जाणार नाही.

मी म्हणालो, मी तर फक्त विचारतोय.

ती म्हणाली, माहीत आहे. पण तुमचं सगळं मला खरं वाटायला लागतं. लहानपणापासून. आईला येऊ दे, बाबा.

बाजूने ट्रक जात होता. त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

ऐकू आलं.

परत येताना हात मांडीखाली ठेवून बसलो. एका सायकलवाल्याच्या वेळी फक्त पाय दाबला गेला, माझ्या बाजूला ब्रेक नाही तरी.

६ एप्रिल, सोमवार

निर्णय घेतला. गाडीचा पहिलाच लांबचा प्रवास. अशा वेळी एक अनुभवी माणूस मुख्यालयात हवा, फोनजवळ. हिला सांगितलं, तुम्ही दोघी जा, मी इथून सगळं बघतो. ही म्हणाली, मनापासून सांगताय? मी म्हणालो, म्हणजे काय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. हल्ली मीच तपासला जातोय असं वाटतं.

मागून बसने जाण्याचाही विचार होता. स्टँडवर चौकशी केली. मग घरी आलो.

९ एप्रिल, गुरुवार

वजनांची पेटी उघडली. नकाशा मुलीसमोर पसरला. तिने विचारलं, घ म्हणजे काय? दीपगृह असावं. किंवा मासळीबाजार. च हा फेरीबोटीचा धक्का होता की छ, तेही आठवेना. सांकेतिक पद्धत अपेक्षेपेक्षा भक्कम निघाली. आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेक अक्षर सोडवत होतो. ज पाशी मी मोठा लाल गोल केला होता. का केला ते काही केल्या आठवलं नाही. मुलगी हसायला लागली. मग मीही हसलो, थोडा.

तिच्या पुढच्या महिन्यातल्या विमानाची वेळ विचारली. फक्त वेळ. कंपनी कोणती ते विचारलं नाही.

११ एप्रिल, शनिवार, सकाळी

गेल्या.

टायर तपासले, पाणी तपासलं, शेगडीचा नळ तपासला. मागचं दार अडकतं ते दाखवलं. ही पुढच्या सीटवर चढून बसली, काळा चष्मा लावून. हा चष्मा कधी घेतला? मी कधीच पाहिला नव्हता. फार चांगली दिसत होती. संशय घ्यावा इतकी.

फाटकाचा खांब लागला नाही. वॉचमनने सलाम केला, गाडीला.

१३ एप्रिल, सोमवार

रजा रद्द करून कामावर जावं म्हणून मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तुमच्या जागी माणूस बसवलाय, आता महिनाअखेरीला या. मागे कुणीतरी हसत होतं.

दुपारी मुलीला फोन लावला. ख ला असायला हव्या होत्या. ख ला नव्हत्या. कुठल्याशा छोट्या गावात उतरल्या, बरं वाटलं म्हणून राहिल्या. रूटमध्ये ते गाव नाही. मी म्हणालो, बरं वाटलं हे काही कारण नाही. मागून एक बाई खळखळून हसत होती. गाडीत तिसरं कोण आहे म्हणून विचारणार होतो. मग लक्षात आलं, हीच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

साडूचा फोटो आला. पठारावरचं तळं. पाण्याने भरलेलं, काठावर पक्षीच पक्षी. पुढे मेव्हणी, टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून धरलेली. खाली लिहिलंय, भाऊसाहेब, तुम्ही सांगितलंत त्याहून सुंदर.

फोटो मोठा करून बघितला. पक्षी खरे दिसतात. आजकाल फोटोत काहीही करता येतं. पण साडूला तेवढं जमेल असं वाटत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळी

घरात आवाज फार कमी आहे. फ्रिजचा येतो. आमलेट केलं, जळलं, खाल्लं. मुलीच्या खोलीत जाऊन ती मोठी बॅग उचलून बघितली. वजन हाताला बरोबर लागलं.

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. वाळूवर बसल्या आहेत दोघी. म्हणाली, बाबा, काही विचारू नका, नुसतं ऐका. आणि फोन पुढे धरला असावा.

आवाज आला. एकदा मोठा, मग मागे ओढत गेल्यासारखा. पुन्हा मोठा. समुद्राचा असावा. तशी खात्री देता येत नाही. हायवेच्या कडेला उभं राहिलं तरी ट्रकांचा साधारण असाच येतो. कुठे आहात, जवळ रस्ता आहे का, गाडी कुणाच्या भरवशावर सोडली, हे सगळं विचारता आलं असतं. फोन कानाला धरून बसलो. कान गरम झाला. ऐकत राहिलो.

मग ती फोनवर आली आणि म्हणाली, आलं ऐकू?

मी म्हणालो, आलं. समुद्रच आहे.

न तपासता सांगितलं.